फिकट ओळींचा हिशेब

आम्ही ज्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो त्या एका पतपेढीची तक्रार एका वाक्याची होती: ‘स्क्रीनवरची बेरीज आणि बँकेच्या फाइलची बेरीज जुळत नाही, आणि फरक दर वेळी वेगळा येतो.’ फरक कायम तोच असता तर मी ऑफिसात बसूनच शोधला असता. दर वेळी वेगळा म्हटल्यावर आमच्या टीममध्ये कुणीच हात लावायला तयार होईना. टेस्टिंगवाल्या मुलाने सगळं करून पाहिलं आणि ‘आमच्याकडे असं होत नाही’ असा शेरा मारून तक्रार परत पाठवली. शेवटी मॅनेजर म्हणाले, परळच आहे, जाऊन बघून ये.

पगारदार नोकरांची पतपेढी, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. त्यांचं सॉफ्टवेअर आधी दुसऱ्याच कुणीतरी बनवलेलं, देखभाल आता आमच्याकडे. वार्षिक सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत झाली होती, लाभांश मंजूर झाला होता आणि सभासदांना तो दिवाळीआधी खात्यात हवा होता. स्क्रीन अगदी साधी: एक टेबल, एका ओळीला एक सभासद. डावीकडे चेकबॉक्स, मग सभासद क्रमांक, नाव, भागभांडवल, लाभांश. खाली निवडलेल्यांची बेरीज आणि ‘फाइल तयार करा’ असं बटण. ती फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवली की एनईएफटीने पैसे सुटतात. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच निघते. त्यामुळे ‘आत्ता पाठवू, चुकलं तर सकाळी थांबवू’ ही सोय आता राहिलेली नाही.

हिशेबनीस ताई निवृत्तीला आलेल्या. फाइल त्यांनी अडवून ठेवली होती आणि सेक्रेटरी काका त्यांच्यावर वैतागले होते. मी पोचले तेव्हा स्क्रीनवरची बेरीज फाइलपेक्षा २७,४५० रुपयांनी जास्त होती.

काका म्हणाले, “मॅडम, ते फिकट कप्पे आहेत ना, ते सगळे उघडून टाका. दोन्हीकडे आकडा सारखा येईल. लोक रोज फोन करतायत.”

ताई मान वर न करता म्हणाल्या, “सारखा आकडा मला नकोय. कुणाचे पैसे कुठे गेले ते हवंय.”

तांत्रिकदृष्ट्या काकांचा उपाय पाच मिनिटांचा होता. पण टेबलात ज्या ओळी फिकट होत्या त्यांत वारलेले सभासद होते. सभासद वारला की त्याचे भाग आणि त्यावरचं येणं नामनिर्देशित व्यक्तीकडे किंवा वारसाकडे जातं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० मध्ये तसं आहे. वारसाची नोंद होईपर्यंत पैसे थांबवायचे, म्हणून त्या ओळींचे चेकबॉक्स डिसेबल्ड, म्हणजे बंद केलेले होते. ते उघडले असते तर बेरीज जुळली असती आणि पैसे वारलेल्या माणसांच्या खात्यात गेले असते.

मी ताईंना म्हटलं, “तुम्ही रोज करता तसं करा, मी नुसती बघते.” माझ्या मते या कामात याहून उपयोगी वाक्य नाही, पण आपल्याकडे ते कुणी वापरत नाही. सगळ्यांना स्क्रीनशॉट हवा असतो.

ताई फॉक्सप्रोच्या, म्हणजे सगळं कीबोर्डवर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यातल्या. माऊसला हात न लावता टॅब, स्पेस, टॅब, स्पेस असं त्या झरझर उतरत होत्या. डिसेबल्ड चेकबॉक्सवर टॅब थांबत नाही, त्यामुळे फिकट ओळ आली की उडी पडायची आणि त्यांची नजर एक ओळ मागे राहायची. मग त्या थांबून बोटाने ओळ शोधत. हे त्यांनी तक्रारीत लिहिलंच नव्हतं. यंत्र आहे, असंच चालायचं, असं त्यांनी धरलं होतं.

मग एका फिकट ओळीपाशी त्यांनी माऊस हातात घेतला. सभासद क्रमांकावरून तो ओढून क्रमांक निळा केला, कॉपी केला आणि वारस नोंदीच्या स्क्रीनवर जाऊन पेस्ट केला. नोंद झाली का ते बघायला. परत आल्या तेव्हा त्या डिसेबल्ड चेकबॉक्समध्ये खूण होती. करड्यावर करडी, नीट निरखलं तरच दिसेल अशी.

“ताई, ही खूण तुम्ही केलीत?”

“अगं, ती होतच नाही. बघ ना.” त्यांनी चेकबॉक्सवर दोनदा क्लिक करून दाखवलं. खूण हलली नाही.

इथे मला कोड उघडावं लागलं. आधीच्या माणसाने सोय म्हणून ओळीवर कुठेही क्लिक केलं की ती निवडली जाईल असं केलं होतं. चेकबॉक्सवर क्लिक केल्यावर तोच क्लिक ओळीपर्यंत जाऊन निवड उलटू नये, याची काळजीसुद्धा त्याने घेतली होती. बहुतेक जण तिथेच घसरतात, हा घसरला नव्हता. फक्त चेकबॉक्स डिसेबल्ड आहे का, हे त्याने विचारलं नव्हतं. डिसेबल्ड म्हणजे माणसाच्या माऊसला आणि कीबोर्डला बंदी. जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला बंदी नाही, ती बंद चेकबॉक्समध्येही खुशाल खूण करते. आणि मजकूर निवडायला माऊस एकाच रकान्यात दाबून, ओढून सोडला तरी ब्राउझरच्या लेखी तो क्लिकच. म्हणजे ताई क्रमांक कॉपी करत होत्या आणि ओळ स्वतःला निवडून घेत होती. तोच क्रमांक परत कॉपी केला की निवड सुटायची. फरक दर वेळी वेगळा का, ते इथे कळलं. आमच्या ऑफिसात हे कुणाला दिसलं नाही, कारण तिथे सगळ्यांनी नेमका चेकबॉक्सच दाबून पाहिला होता.

मग बेरीज का जुळत नव्हती? खालची बेरीज जावास्क्रिप्ट करायची, ज्यात खूण दिसेल ते सगळं धरून. फाइल मात्र फॉर्म सबमिट होऊन, म्हणजे स्क्रीनवरची निवड ब्राउझरने पाठवल्यावर, सर्व्हरवर बनायची, आणि एचटीएमएलचा, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिचा नियम असा की डिसेबल्ड चेकबॉक्स फॉर्मबरोबर जातच नाही, खूण असो वा नसो. वारलेल्या सभासदांचे पैसे वाचले ते या नियमामुळे. कुणी ठरवून वाचवले नव्हते.

एवढ्यावर काम संपलं असं मला वाटलं. ताईंनी त्या थांबवलेल्या ओळींची बेरीज कॅल्क्युलेटरवर मारली: ६,२००.

“उरलेले एकवीस हजार अडीचशे?”

खरी भानगड या २१,२५० मध्ये होती. काही सभासदांची बँक खाती बदलली होती. त्यांची कागदपत्रं काका स्वतः तपासून मंजूर करत, आणि मंजुरी दिली की ती ओळ कुणी बदलू नये म्हणून कुलूपबंद व्हायची: चेकबॉक्सला खूण, आणि चेकबॉक्स डिसेबल्ड. तोच करडा रंग, तोच बंद कप्पा. एका ठिकाणी त्याचा अर्थ ‘याला द्यायचे नाहीत’, दुसऱ्या ठिकाणी ‘याला द्यायचेच आहेत’. आणि फॉर्मच्या नियमाने दोघंही फाइलमधून बाहेर. ज्यांची कागदपत्रं सर्वांत काटेकोरपणे तपासली होती, नेमके तेच सभासद लाभांशावाचून राहिले असते. आमच्या टेस्ट डेटात, म्हणजे तपासणीसाठी भरलेल्या नमुना नोंदींत, हे दिसण्याची शक्यता नव्हती. तिथे एकच युजर, त्यामुळे मंजुरी देणारा दुसरा कुणी नाही. आणि आमच्या टेस्ट डेटात कुणी वारलेलंही नव्हतं.

काका गप्प झाले. मग चष्मा पुसत म्हणाले, “त्या ओळी मला वाचताच येत नाहीत हो, म्हणून मी त्या सोडूनच देतो.” त्यांचं खोटं नव्हतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ फरक असावा असं वेब सुलभतेचे निकष सांगतात, पण बंद असलेल्या कंट्रोलला (बटण, चेकबॉक्स वगैरे) त्यातून सूट आहे. त्या सवलतीचा फायदा घेत डिझायनर मंडळी अख्खी ओळ धुक्यात घालतात. चेकबॉक्स बंद असला तरी त्या सभासदाचं नाव बंद नाही, ते वाचायला नको का?

त्या दिवशीपुरतं असं केलं: मंजूर ओळींची वेगळी फाइल काढली, ताईंनी ती रजिस्टरशी ताडून पाहिली, आणि दोन फाइलींची बेरीज अधिक थांबवलेले ६,२०० हे सगळं मंजूर लाभांशाशी जुळल्यावरच सही केली. रुपयाचाही फरक नव्हता.

स्क्रीनची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात गेली. थांबवलेल्या ओळीत आता चेकबॉक्सच नाही. त्या जागी काळ्या अक्षरात ‘थांबवले: वारस नोंद बाकी’ असं लिहिलेलं असतं आणि ते शब्द दाबले की थेट त्या सभासदाची वारस नोंद उघडते, म्हणजे क्रमांक कॉपी करायची गरजच उरत नाही. मंजूर ओळीत ‘मंजूर’ आणि तारीख. ती फाइलमध्ये घ्यायचं काम सर्व्हरचं, ब्राउझरने काय पाठवलं त्यावर ते अवलंबून नाही. कुणाला पैसे द्यायचे नाहीत हेही सर्व्हर स्वतः ठरवतो. खाली एका आकड्याऐवजी तीन आकडे: निवडलेले, मंजूर, थांबवलेले. सगळ्यांत वरचा ‘सर्व निवडा’ हा चेकबॉक्स फक्त निवडता येण्याजोग्या ओळी धरतो, आणि त्यांतल्या फक्त काही निवडल्या असतील तर अर्धवट स्थिती दाखवतो. ती स्थिती एचटीएमएलमध्ये लिहून येत नाही, जावास्क्रिप्टनेच द्यावी लागते, म्हणून बरेच जण तिचा कंटाळा करतात.

ओळीवर कुठेही क्लिक करून निवडायची सोय मी काढून टाकली. त्याऐवजी चेकबॉक्सची दाबायची जागा मोठी केली. वेब सुलभतेच्या २०२३ च्या निकषांत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, मी त्याच्या जवळजवळ दुप्पट दिली. ताईंना फरक पडला नाही, त्या अजून टॅब आणि स्पेसवरच आहेत. काकांना मात्र पडला. पूर्वी नावावर बोट ठेवलं तरी चालायचं, आता नेम धरावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याच्या कॉलमध्ये ते ‘ते क्लिक परत द्या’ हा मुद्दा काढतात, मी नाही म्हणते, आणि मिनिट्समध्ये तो पुढच्या बैठकीत ढकलला जातो.