तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्क्युलेटरचा मध्यक पुस्तकाशी का जुळत नाही?

प्रश्न खानापुरातून येवो की निपाणीतून, साधारण असाच असतो. परदेशातल्या मामानं आपला जुना टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग, म्हणजे आलेखही काढणारा, कॅल्क्युलेटर भाचीला दिला, ती त्यावर संख्याशास्त्राची गणितं करून बघते, तर मध्य (सरासरी) बरोबर येतो आणि मध्यक (रांगेतला मधला आकडा) चुकतो. यंत्र बिघडलंय काय?

बिघडलेलं नाही. आपण त्याला विचारतो एक आणि पुस्तक विचारतं दुसरंच. एक गणित घेऊनच बघा.

समजा, ४० मुलांचे ५० पैकी गुण आहेत. ०-१० मध्ये ४ मुलं, १०-२० मध्ये ८, २०-३० मध्ये १४, ३०-४० मध्ये ९ आणि ४०-५० मध्ये ५. स्टॅट दाबून एडिट उघडा. एल१ या पहिल्या यादीत वर्गमध्य, म्हणजे प्रत्येक वर्गाचा मधला आकडा भरा, ५, १५, २५, ३५, ४५, आणि एल२ मध्ये वारंवारता, म्हणजे त्या-त्या वर्गातली मुलं. पुन्हा स्टॅट, बाणानं उजवीकडे कॅल्क, त्यातला पहिलाच पर्याय वन-व्हार स्टॅट्स. लिस्टच्या ओळीत एल१, फ्रेकलिस्टच्या ओळीत एल२. जुन्या यंत्रात अशा ओळी येत नाहीत. तिथं एल१, स्वल्पविराम, एल२ असं आपणच टाकायचं. एल२ द्यायचं विसरलात तरी यंत्र हूं की चूं करत नाही. पाच आकड्यांची सरासरी काढून २५ देऊन मोकळं होतं. म्हणून उत्तराआधी एन, म्हणजे एकूण संख्या बघायची सवय लावा. तो ४० असला पाहिजे. ५ दिसला तर वारंवारता आत गेलेलीच नाही.

एल२ नीट दिलंत की मध्य २५.७५ येतो, पुस्तकाशी तंतोतंत. खाली सरकलात की मेड, म्हणजे मध्यक = २५. पुस्तकात २५.७१.

यंत्राला वर्ग ठाऊकच नाहीत. त्याच्या लेखी १४ मुलांना नेमके २५ गुण पडलेत. चाळिसांना रांगेत उभं केलं तर विसावं आणि एकविसावं मूल त्या चौदांतलंच, म्हणून मध्यक २५. पुस्तक धरतं की ही चौदा मुलं २० ते ३० मध्ये सारखी पसरलीत. पहिल्या दोन वर्गांत १२ मुलं संपली, विसाव्यापर्यंत अजून ८ हवीत, म्हणजे १० गुणांच्या वर्गात १४ पैकी ८ भाग पुढं जायचं: २० + (८ ÷ १४) × १० = २५.७१. वर्गीकृत सामग्रीचा मध्यक असा सूत्रानंच काढायचा. यंत्र फक्त आकडेमोडीला. बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा, तर वन-व्हारच्या यादीत नसतोच. तोही सूत्रानं. सगळ्यात मोठा वर्ग १४ चा, आधीच्यापेक्षा ६ नं जास्त, नंतरच्यापेक्षा ५ नं, बेरीज ११: २० + (६ ÷ ११) × १० = २५.४५.

मराठी माध्यमातून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला गेलेल्या मुलांची इथं हमखास एक गफलत होते. दहावीपर्यंत मध्य, मध्यक म्हटलेलं, तिथं मीन, मीडियन सुरू. पडद्यावर मेड दिसलं की मनात मध्य येतो आणि वहीत तोच आकडा उतरतो. मध्य म्हणजे सगळ्यात वरचा, डोक्यावर आडवी रेघ असलेला एक्स. मेड म्हणजे मध्यक. कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून ठेवा, लाजायचं कशाला!

प्रमाण विचलनाचे, म्हणजे गुण मध्याभोवती किती पसरलेत त्याचे, आकडे दोन येतात. वरच्या गणितात एस-एक्स ११.६३ आणि सिग्मा-एक्स ११.४९. एस-एक्समध्ये भागाकार ३९ नं झालाय, सिग्मा-एक्समध्ये ४० नं. आपल्या पीयूसीच्या वर्णनात्मक धड्यांत भागाकार एननं असतो, म्हणून सिग्मा-एक्स घ्यायचं. हातातल्या नमुन्यावरून समष्टीचा (सगळ्या समूहाचा) अंदाज करायचा असेल तिथं एस-एक्स. आकडे जवळजवळ असल्यानं चूक लक्षात येत नाही, एवढाच त्रास.

चतुर्थकांची, म्हणजे रांगेचे चार सारखे भाग करणाऱ्या आकड्यांची, गंमत वेगळीच. बेळगावला येणारी एखादी गाडी आठ दिवसांत २, ३, ५, ५, ८, ९, १२, २४ मिनिटं उशिरा आली असं धरा. यंत्र आकडे मधोमध तोडतं आणि प्रत्येक अर्ध्याचा मध्यक घेतं: क्यू१ = ४, क्यू३ = १०.५. पुस्तक (एन + १) ÷ ४, म्हणजे २.२५ वं स्थान शोधतं: ३ + ०.२५ × २ = ३.५, आणि तिसरं चतुर्थक ११.२५. आकड्यांची संख्या विषम असेल तर दोन्ही पद्धती जुळतात, सम असेल तर स्थानं वेगळी पडतात. त्यामुळं काही गणितं जुळतात, काही नाहीत, आणि पोरं बुचकळ्यात पडतात.

यंत्राचा खरा उपयोग आलेखात. सेकंड आणि वाय= दाबून स्टॅट प्लॉट उघडा, प्लॉट १ ऑन, हिस्टोग्रॅम निवडा, एक्सलिस्ट एल१, फ्रेक एल२. मग सगळे झूम ९ दाबतात आणि भलत्याच रुंदीचे स्तंभ बघत बसतात, कारण तिथं वर्गांतर यंत्र ठरवतं. विंडोमध्ये जाऊन एक्समिन ०, एक्समॅक्स ५०, एक्सस्केल १०, वायमिन ०, वायमॅक्स २५ भरा आणि ग्राफ दाबा. एक्सस्केल हेच वर्गांतर. ते ५ करून बघा, २० करून बघा. त्याच मुलांचा आलेख कसा बदलतो ते कागदावर करायला संध्याकाळ जाईल.

सहसंबंधात आर, म्हणजे सहसंबंध गुणांक, दिसत नाही ही तक्रार नेहमीची. मोडमध्ये स्टॅट डायग्नॉस्टिक्स ऑन करा, तो पर्याय नसेल तर कॅटलॉगमधून डायग्नॉस्टिकऑन. आणखी एक, पीयूसीला समाश्रयणाच्या (रिग्रेशनच्या) दोन्ही रेषा विचारतात. लिनरेग एका वेळी एकच देतो, वायची एक्सवर. दुसरीसाठी याद्यांची जागा बदलून एल२, एल१ असं द्या. दोन्ही उतारांचा गुणाकार आरचा वर्ग यायला हवा. पडताळा आयता मिळतो.

परीक्षेचं म्हणाल तर एसएसएलसीच्या (दहावीच्या) गणिताला कॅल्क्युलेटर नाही. सेकंड पीयूसीच्या संख्याशास्त्राला सायंटिफिक चालतो, ग्राफिंग नेऊ नका. म्हणून मुद्दाम विकत घ्या असं सांगणार नाही. मामाचा असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलवर जिओजेब्रा फुकट आहे. हात बसवायचा तो मात्र परीक्षेत नेणार त्याच सायंटिफिकवर, आणि त्यातही वारंवारतेचा रकाना सेटअपमधून चालू करावा लागतो का ते आधी बघा.

राहता राहिला ‘एल१ गायब झाला’ हा प्रश्न. यादी पुसताना शीर्षकावर जाऊन डेल दाबलं की आकड्यांबरोबर अख्खा रकाना पडद्यावरून जातो. पुसायला क्लिअर आणि एंटर. गेलाच असेल तर स्टॅटमधला पाचवा पर्याय सेटअपएडिटर, एंटर. रकाना आकड्यांसकट परत येतो.