समासातली दोन एकर

अमळनेरला वकिली करताना मी बरीच मृत्युपत्रं लिहिली. त्यातलं एक 2011 सालचं. आबा तेव्हा सत्तरीला टेकलेले. दादर ज्वारी पिकणारी सहा एकर काळी जमीन, सगळी स्वकष्टार्जित. गावात घर आणि शहरालगत एक बिनशेती प्लॉट. थोरल्याला चार एकर, धाकट्याला रस्त्याकडची दोन एकर आणि घर, मुलीला प्लॉट. दोन साक्षीदारांसमोर सही झाली, दुय्यम निबंधकांकडे नोंदणीही झाली. आबांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. माझ्या लेखी काम संपलं होतं.

ती पिशवी गेल्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी, माझ्या टेबलावर परत आली. आबा हिवाळ्यात गेले होते. समोर धाकटा मुलगा, थोरल्याची बायको आणि मुलगी बसलेली. थोरला 2019 साली कॅन्सरनं गेला. त्याच्या मुंबईच्या उपचारांसाठी आबांनी प्लॉट विकला होता. मुलगी नांदणं मोडून माहेरी आली, ती कायमची. आधी आईचं आणि मग आबांचं दुखणं तिनंच काढलं.

मी दुसरं पान उलटलं. मुलीला प्लॉट देण्याच्या ओळीवर आडवी रेघ होती. शेजारच्या समासात निळ्या शाईनं, थरथरत्या हातानं लिहिलं होतं : ‘प्लॉट विकला. त्याबदली रस्त्याकडची दोन एकर मुलीला.’ खाली सही आणि तारीख. साक्षीदाराची सही कुठेच नव्हती.

थोरल्याची बायको घाबरली होती. मेलेल्या माणसाच्या नावावरची जमीन आता जाणार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती भीती लगेच दूर करता आली. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 109 प्रमाणे, ज्याला द्यायचं तो स्वतःचा मुलगा असेल, तो आधी वारला असेल पण त्याची मुलंबाळं हयात असतील, तर ते देणं बुडत नाही. मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते त्याच्या वारसांकडे जातं. चार एकर तिची आणि तिच्या लेकरांची.

मुलीला सांगायला मात्र शब्द सापडेनात. जी वस्तू नेमून दिली ती हयातीतच विकली, तर ते देणं संपतं. विक्रीचे पैसे तिच्या जागी येत नाहीत. आणि मृत्युपत्रावर सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड किंवा भर तेव्हाच चालते, जेव्हा तिथे करणाऱ्याची आणि साक्षीदारांची पुन्हा सही असते. ते कलम 71.

“अक्षर आबांचंच आहे ना, वकीलताई?”

“हो.”

“सही पण?”

“हो.”

“मग?”

त्या ‘मग’चं उत्तर मी दिलं. ज्यानं लिहिलं त्याला विचारता येत नाही, म्हणून कायदा दोन पाहणारे मागतो. कायदा बरोबरच आहे, आजही मला तसंच वाटतं. पण तिच्या डोळ्यांकडे पाहून ते बोलवत नव्हतं. बँकेतली ठेव मृत्युपत्रात नव्हती. त्यावर धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी तिचाही तिसरा हिस्सा आहे, हे मी घाईनं पुढे सांगितलं. तिनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

मला राहून राहून 2022 चा पावसाळा आठवत होता. कापसाच्या पीकविम्याचे कागद घेऊन आबा ऑफिसात आले होते. चहा घेताना थोरल्याच्या आठवणीनं रडले, प्लॉट विकल्याचंही बोलले. मृत्युपत्र मीच लिहिलेलं, तरी ‘मग त्याचं काय?’ हा प्रश्न मला सुचला नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. साध्या कागदावर पुरवणी मृत्युपत्र, दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही. मूळ कागद नोंदवलेला असला तरी पुरवणी नोंदवायची सक्ती नाही. समासातली तारीख त्यानंतर चार महिन्यांची आहे. आबांना सगळं लक्षात होतं. पद्धत तेवढी माहीत नव्हती, आणि ती सांगणं माझं काम होतं.

धाकटा बराच वेळ ते पान हातात घेऊन बसला. मग म्हणाला, “अक्षर आबानंच शे. पन माले बी पोरं शेतस.” त्यालाही पोरं आहेत; त्याला मी दोष देत नाही.

आखाजी झाल्यावर बहीणभाऊ दोघं आले. त्यानं एक एकर बहिणीच्या नावे बक्षीसपत्रानं लिहून दिली. मुद्रांक शुल्क त्यानंच भरलं. दोनची एक झाली, तीही त्याच्या मनावर होती म्हणून.

त्या महिन्यात मी कपाटातल्या जुन्या फायली काढल्या आणि ज्यांची मृत्युपत्रं लिहिली होती त्यांना एकेक करून फोन लावले. कुणाची सून आली होती, कुणी घर विकलं होतं, कुणाचे दोन्ही साक्षीदार वारले होते. पारोळ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, “त्यात माझ्या बहिणीला शेत दिलंय. ती तर गेली. तिचं नाव खोडून टाकू का?”

“काही खोडू नका, आजी,” मी म्हणाले. “आहे तसाच घेऊन या.”