टर्बोची शिट्टी

पन्हाळ्याच्या चढावर भाच्यानं भर पावसात काच खाली केली. "मामा, एसी ऱ्हाऊ द्या. टर्बो ऐका!"

ॲक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी चढत जायची, पाय उचलला की 'फुस्स'. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूवर मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेणारा, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोचा पंखा, आणि तो ऐकू येतो! अंगावर काटा आला राव.

इंजिनाची मूळ गर्जना टर्बोच थोडी गिळतो, हेही खरं. २०१४ साली फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये आठ सिलिंडरची व्ही-८ जाऊन सहा सिलिंडरची टर्बो व्ही-६ इंजिनं आली, तेव्हा आवाजावरून केवढी ओरड झाली होती!

आता काही गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडतात. ते मला पटत नाही. यंत्र जे बोलतं तेच ऐकावं. तुम्हाला चालेल असला आवाज?