सुताराचं बलुतं

रविवार, रात्र

कादंबरीतला सुतार बरेच दिवस नुसताच धुमसत होता. कशावर, ते कागदावर उतरत नव्हतं. आज दुपारी त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' पुन्हा काढून बसले आणि त्याच्या रागाला कारण सापडलं.

१९१५ सालचं पुस्तक. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळे गाव देण्याघेण्यासकट पाहिलेलं. सुतारानं वर्षभर नांगर, कुळव, पाभर नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. आत्र्यांचा कल कुणब्याकडे. त्याच्या राशीवर सगळे तुटून पडतात हे त्यांना खुपतं. मला ते पटतं, पण माझं लक्ष मात्र राशीपासून जरा लांब उभ्या असलेल्या सुताराकडेच जात राहिलं.

त्याच सुमाराला किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घ्यायला धजत नव्हते, मग हळूहळू घेऊ लागले. हे 'गावगाडा'च्या शेजारी ठेवलं आणि प्रसंग उभाच राहिला. मळणी झालेली, रास पडलेली. पाटील म्हणतो, "यंदा नांगराला तुझा हात लागला नाही. निम्मं ने." सुतार म्हणतो, "पाभर कुणी सांधली, पाटील? चाकाचे आरे कुणी घातले?" आणि चारचौघांत पोतं पसरून उभाच राहतो. राग वेगळा रंगवावा लागला नाही.

कादंबऱ्या मी भरपूर वाचते. वेग, संवाद, कुठे थांबायचं हे त्यांच्याकडूनच शिकते. पण कोण कुणाचं काय लागतं, कुणाची चूल कशावर पेटते, हे दुसऱ्याच्या कादंबरीतून उचललं की उष्टं लागतं. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' मला म्हणूनच इतकं प्रिय. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली निघाला तो दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला, आणि जाऊन अडकला झाशीच्या वेढ्यात. असा नायक मला नुसत्या कल्पनेनं सुचला नसता.

उद्या ग्रंथालयात जुनं जिल्हा गॅझेटियर मागायचं आहे. तेव्हा एकरी ज्वारी किती उतरायची, ते हवंय. निम्मं बलुतं गेलं तर सुताराच्या घरात किती महिने भाकरीला तोटा पडेल याचा अंदाज आल्याशिवाय त्याच्या बायकोच्या तोंडी एक वाक्यही घालवत नाही.