सिम्युलेशन पास, तरी चिप गोंधळते

आज दिवसभर एका चिप डिझाइनचा सीडीसी रिपोर्ट वाचला. सीडीसी म्हणजे क्लॉक डोमेन क्रॉसिंग: एका क्लॉकवरचा (क्लॉक म्हणजे सर्किटाला ताल देणारा ठोका) सिग्नल दुसऱ्या, स्वतंत्र क्लॉकवरच्या सर्किटात शिरतो ती जागा. नेमका क्लॉकच्या एजला, म्हणजे ठोका पडतानाच, सिग्नल बदलला की फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारं सर्किट) काही क्षण ना धड 0, ना धड 1. ही मेटास्टेबिलिटी साध्या आरटीएल सिम्युलेशनमध्ये (चिपचा डिझाइन कोड कॉम्प्युटरवर चालवून पाहण्यात) दिसत नाही. म्हणून स्पायग्लास, क्वेस्टा सीडीसीसारखी टूल्स डिझाइन न चालवता त्याची रचनाच तपासतात.

आज पकडलेली गोष्ट बघा. 8 बिटांचा काउंटर, प्रत्येक बिटला दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर (सिग्नलला स्थिरावायला वेळ देणारी जोडी). वरवर सगळं ठीक. पण 01111111 वरून 10000000 होताना आठही बिट बदलतात, काही एक सायकल उशिरा पोचतात आणि पलीकडे भलताच आकडा वाचला जातो. इथे ग्रे कोड हवा. त्यात एका वेळी एकच बिट बदलतो.

दुपारी लाइन गेली होती, इन्व्हर्टरवर काम सुरू. बाबा वावरातून आले. "काय पाहून राहिला रे एवढं?" म्हटलं, चालत्या एसटीत चढणाऱ्याचा एक पाय पायरीवर, एक खाली, तसं झालंय. "मंग ह्ये आधीच कोनी पाहत नाई का?"

पाहतात. पण टूलच्या शेकडो वॉर्निंग एका फटक्यात वेव्ह करतात, म्हणजे 'चालेल' म्हणून सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही. प्रत्येक वेव्हरपुढे कारण लिहिलंच पाहिजे.

यवतमाळ-अमरावतीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनो, व्हेरिलॉग (चिप डिझाइनची भाषा) येत असेल तर मेसेज करा, पहिल्यापासून सांगतो.