इंजिनकाम केलेली मारुती ८००: पुणे–ताम्हिणी–हरिहरेश्वर

रस्ता चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा. माणगावपर्यंत शंभरेक किलोमीटर, पुढे हरिहरेश्वर साठ-पासष्ट. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती ८००. आदल्या संध्याकाळी टायमिंग बेल्ट, डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) ओ-रिंग, कॅप, प्लग वायरी आणि पेट्रोल पंप बदललेला. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, गाडी रस्त्याला लागली साडेनऊला. ते साडेतीन तास कशात गेले ते आधी सांगतो, कारण काम करून लगेच लांब निघणाऱ्यांना तेच उपयोगी पडेल.

चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे ती ठीक. दिवे लख्ख, पण सेल मारला (स्टार्टर फिरवला) की सगळे मंद, आणि क्लच केबल हाताला गरम. केबल तापली की समजावं, इंजिनची अर्थ पट्टी (इंजिन आणि बॉडी विजेने जोडणारी) लावायची राहिली आहे आणि स्टार्टरचा करंट केबलमधून वाट काढतोय. केबल जळायच्या आत थांबावं. पट्टीचं टोक घासून, बोल्ट आवळून लावली आणि इंजिन जोरात फिरू लागलं. सेल मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात नसेल तर त्या बाजूची काळजी सोडावी.

आता इंजिन फिरतंय, पण कार्ब्युरेटरमधून फटाके. इथे पेट्रोलच्या मागे लागू नये. फटाका म्हणजे ठिणगी येतेय, पण चुकीच्या वेळी. आधी वायरी पाहाव्यात: क्रम १-३-२, पहिला सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) कुठल्या दिशेने फिरतो ते कॅप काढून, थोडा सेल मारून डोळ्यांनी बघावं आणि त्याच दिशेने क्रम मोजावा. वायरी बरोबर होत्या.

खरी चूक डिस्ट्रिब्युटर बसवताना झाली होती. पिस्टन वर येतो दोनदा, एकदा कॉम्प्रेशनला (मिश्रण दाबताना), एकदा धूर बाहेर टाकताना. ठिणगी हवी फक्त पहिल्या वेळी. बेल्टच्या चाकांवरच्या खुणा जुळल्या म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहेच, असं धरून चालू नये. तिन्ही प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट घट्ट ठेवावं आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावं. हवा बोटाला ढकलू लागली की कॉम्प्रेशन. तिथून पिस्टन अगदी वर येईपर्यंत न्यावं. रोटरचं तोंड आता कॅपवरच्या पहिल्या वायरीकडे हवं. इथे ते बरोबर उलट्या बाजूला होतं. डिस्ट्रिब्युटर काढून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. बसताना गिअर तिरपे असल्याने रोटर किंचित सरकतो, तेवढा अंदाज आधीच धरावा. बेल्ट नवा असेल तर हाताने दोन पूर्ण फेरे देऊन खुणा परत तपासाव्यात; एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण घाटात दम टाकते.

तोवर प्लग पेट्रोलने ओले झाले होते. ते पुसून, वाळवून लावले. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला, दाब-सोड केली नाही, आणि गाडी सुरू झाली. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नये, मध्ये अर्धा मिनिट स्टार्टरला द्यावा. पेट्रोल पंप बदलल्यावर कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी असते, त्यामुळे दोन-तीन वेळा मारावा लागणं साहजिक आहे. ठिणगी तपासायची तर प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून, उघड्या प्लगच्या भोकांपासून दूर. तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

पौडपर्यंत गाडी छान. तिथे टाकी भरली.

ताम्हिणीत दरी बघायला वीसेक मिनिटं थांबल्यावर गाडी पुन्हा रुसली. इंजिन फिरतंय, ठिणगी आहे, पण पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी सोडली तर थेंब येत नाही. नवी नळी लांब कापलेली, लोंबून गरम भागाला टेकलेली. आत पेट्रोलची वाफ झाली होती. पंपावर आणि नळीवर ओला फडका दहा मिनिटं ठेवला, नळी वर बांधली, सुरू. हे पुण्यातच पकडता आलं असतं: इंजिन पूर्ण गरम करून बंद करावं, पंधरा मिनिटं थांबावं, मग सुरू करून बघावं. थंड इंजिन सुरू झालं म्हणून घाटाकडे निघू नये. ही चाचणी न करता निघणं मला तरी धोक्याचं वाटतं, कारण ताम्हिणीत वळणावर गाडी कडेला घ्यायला जागा नसते.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी कोरडा फडका हाताशी ठेवावा. नवी कॅप खाचेत नीट बसली नसेल तर धुक्यातला ओलावा आत शिरतो आणि गाडी मिस मारते (मधूनच ठिणगी चुकते). सोबत १०, १२, १४ चे पाने, प्लग पाना, एक जादा रोटर, हातभर पेट्रोलची नळी, चार क्लिपा. यातलं काही राहिलं असेल तर माणगावला घ्यावं. पुढे म्हसळ्याकडे रविवारी दुकान उघडं मिळेलच असं नाही. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प बोल्टही माणगावलाच एकदा आवळून बघावा, घाटात बसलेल्या धक्क्यांनी तो सैल पडला असेल तर टायमिंग हळूहळू सरकत राहतं.