धनुष्याचा पीळ काढला तो दिवस

मी ओरेगॉनमधे धनुष्यं बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमधे काम करते. आम्ही दोघंच, सत्तरी ओलांडलेले मालक आणि मी. गेल्या फेब्रुवारीत एक बाई जुनिपरच्या लाकडाचं धनुष्य घेऊन आल्या, त्यांच्या भावाने स्वतः बनवलेलं, भाऊ आता नाही. लांबी जेमतेम 48 इंच आणि पाठीवर, म्हणजे ओढणाऱ्यापासून लांबच्या बाजूला, कंडरांचा थर. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी ती पांढरी चिवट दोरी, हरणाच्या पायातनं नाहीतर पाठीतनं काढतात, वाळवतात, ठेचून ठेचून तिचे केसासारखे तंतू करतात आणि सरसात भिजवून एकेक जुडी लाकडावर बसवतात. वाळताना थर आकसतो आणि अख्खं धनुष्य उलट्या बाजूला खेचून धरतो, आणि ओढताना जो ताण लाकडाला फाडेल तो कंडरा सोसते, म्हणून तर एवढं आखूड धनुष्य न मोडता ओढता येतं.

प्रॉब्लेम असा की खालच्या भुजेला, म्हणजे मुठीखालच्या अर्ध्या भागाला, पीळ पडलेला. दोरी चढवली की ती मधोमध न राहता डावीकडे सरकायची, अजून थोडी सरकली असती तर निसटून धनुष्य उलटंच फिरलं असतं. मी नीट बघितलं तर थर एका कडेला जाड होता, वाळताना त्याच बाजूने जास्त ओढलं असणार.

नुसत्या लाकडाचा पीळ काढणं आम्हाला रोजचं आहे, वाफ द्या नाहीतर हीट गन मारा, लाकूड मऊ पडतं, वळवा, थंड होईस्तोवर धरून ठेवा, झालं. 'याही' नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचे ईशी, जे 1911 मधे कॅलिफोर्नियात ऑरोव्हिलला रानातनं एकटेच बाहेर आले, ते धनुष्याची टोकं तापलेल्या दगडावर वाकवायचे, डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्यांच्याकडनं शिकून ते लिहून ठेवलंय. पण ते कंडरा लावायच्या आधी! एकदा थर बसला की वाफ बादच. सरस ओलाव्याने आणि उष्णतेने सुटतो, माझे बाबा सांगलीला सुतारकाम करायचे, जुन्या खुर्चीचा सांधा गरम पाण्याच्या फडक्याने कसा अलगद सोडवायचे ते मी लहानपणापासून बघितलंय. आणि कंडरेचं तर विचारूच नका. मालकांनी त्या सकाळी एक ओला तंतू उकळत्या पाण्यात टाकून दाखवला, क्षणात आखडून तिसऱ्या हिश्शाएवढा झाला, रबरासारखा. "हे पाठीवर झालं तर परत नाही," एवढंच म्हणाले.

म्हणजे एकाच काठीत पोटाकडचं, म्हणजे ओढणाऱ्याच्या बाजूचं, लाकूड चांगलं तापवायचं आणि बोटभर अंतरावरची पाठ थंड ठेवायची. मी भुजा पोट वर करून शिकंज्यात धरली, कडांना लाकडी पट्ट्या लावल्या, पोटाला थोडं तेल चोळलं म्हणजे लाकूड करपत नाही आणि उष्णता सारखी पसरते. डाव्या हाताची दोन बोटं सतत खालून पाठीवर. बोटाला सोसवेना की गन बाजूला, हाच आमचा थर्मामीटर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काही नाही. मग पंधराव्या मिनिटाला टोकाला अडकवलेला लाकडी पाना हाताखाली हलकेच सरकला, जुनिपरचा तो गोड वास सगळीकडे, आणि पीळ सुटायला लागला. आपल्याकडे म्हणतात ना सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मला दिवसभर तीच भीती होती.

आणि तिथेच चुकले. आनंदाने मी टोकाकडे बघत राहिले, एक पट्टी सरकली होती ते दिसलं नाही, गरम हवा कडेवरून पाठीकडे वळली. बारीक 'टक्' आवाज आला. बघते तर कडेला तांदळाच्या दाण्याएवढा फोड, सरस दुधाळ झालेला, दोन तंतू उचललेले. माझे हातपाय गार पडले. हे काय परत बनवता येणारं धनुष्य होतं का? बनवणारा माणूसच नाही.

मालक ओरडले नाहीत. गन बंद केली, भुजा आहे तशीच पाच-सहा अंश जास्त वळवून बांधून ठेवायला लावली, कारण सोडल्यावर लाकूड थोडं परत येतंच. तासाभराने सगळं थंड झाल्यावर पातळ सरस केला, हाताला कोमट लागेल इतकाच, जास्त गरम असता तर तंतू आखडलेच असते. बारीक सुईच्या सिरिंजने फोडाखाली दोन थेंब सोडले, अंगठ्याने दाबलं, वर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं. बोटांना तो ओळखीचा चिकटा आणि वास, एकदम बाबांचं दुकान आठवलं.

तीन आठवडे आम्ही त्याला हात लावला नाही. सरस पूर्ण वाळायला हवा, आणि तापवलेलं लाकूड कोरडं ठणठणीत होतं, त्याला हवेतला ओलावा परत घेऊ दिला नाही तर ते पहिल्याच ओढीला मोडू शकतं. मार्चमधे बाई आल्या, मालकांनी दोरी चढवली, थोडं थोडं करत ओढलं, दोरी मुठीच्या बरोबर मधून गेली. फोडाची जागा बोट फिरवलं की अजून कळते. मी बाईंचं बोट धरून तिथे टेकवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. त्या बराच वेळ तिथेच बोट फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "दोरी उतरवायची कशी तेवढं शिकव मला."